दादरच्या डाएटिशियन बाई आणि माझा बांगडा

पहिली तक्रार जिन्याची. दादर पश्चिमेला रानडे रोडच्या गर्दीतून आत वळलं की एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर या डाएटिशियन बाईंचा दवाखाना. लिफ्ट नाही. पायऱ्या ३८. मोजल्यात, कारण पहिल्यांदा गेलो तेव्हा उजव्या पायाचा अंगठा अजून ठणकत होता आणि मी पायरीगणिक कुणाला ना कुणाला शिव्या घालत होतो. जिथे गुडघे धरलेले आणि वजन वाढलेले लोकच येणार, तिथे दुसरा मजला कशाला घ्यावा? विचारलं तर म्हणाल्या, "भाडं परवडलं तिथे बसले, काका." माझं वय ५३. त्या असतील पस्तिशीच्या. काका म्हटल्याबद्दल तिथेच एक स्टार कापला होता.

दुसरी तक्रार वेळेची. साडेसहा सांगितलं की नंबर लागतो साडेसातला. आत गेल्यावर कारण कळतं, पण बाहेरच्या लाकडी बाकावर बसून पंख्याकडे बघणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

एवढं असून गेल्या गणपतीनंतरपासून आजपर्यंत मी तो जिना सहा वेळा चढलोय.

आधी माझं सांगतो. राहणार लालबाग, मूळ मालवणकडचा, वडील गिरणीत होते. मी मंत्रालयात कारकून. सहा वर्षं डायबेटीस, चार वर्षं बीपी. घरात बायको, मुलगी आणि ७८ वर्षांची आई. सोमवार, गुरुवार आणि संकष्टी सोडली तर आमच्याकडे मासे. भात दोन्ही वेळेला, तोही गावचा उकडा. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही, कारण वडील हेच खाऊन ८१ वर्षं जगले. (वडील रोज करी रोडवरून चालत गिरणीत जायचे आणि आठ तास उभे असायचे, हा तपशील मी सोयीस्करपणे विसरलो होतो.)

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एचबीएवनसी, म्हणजे शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट, ८.४ आली. मेव्हण्याने परळच्या एका 'वेट लॉस' केंद्रात नेलं. नाव लिहीत नाही. चकाचक एसी, भिंतीवर लोकांचे आधीचे-नंतरचे फोटो. १८,००० रुपयांचं पॅकेज, त्यात पावडरचे डबे. सकाळ-संध्याकाळ शेक, मध्ये एकदा जेवण, बाकी सोळा तास उपास. तिथल्या मुलीने माझे रिपोर्ट उघडूनसुद्धा पाहिले नाहीत, वजनकाट्यावर उभं केलं आणि मोबाईलमध्ये काहीतरी टाईप केलं. जूनमध्ये पैसे भरले, जुलै संपेपर्यंत वजन साडेपाच किलो उतरलं. ऑफिसात लोक म्हणायला लागले, अरे वा.

मग गटारी आली. आता गटारीला लालबागमध्ये शेक पिऊन बसणारा माणूस मला तरी माहीत नाही. मटण, कलेजी, बिअर, सगळं यथासांग झालं. रात्री तीनला अंगठ्यात कुणी तापलेला खिळा ठोकतंय असं वाटून जागा झालो. पांघरुणाचं टोक लागलं तरी ओरडत होतो. आई म्हणाली, "इंचू चावलो काय रे?" मुलीने मोबाईलची बॅटरी मारून गादी झटकली. विंचू नव्हता, गाऊट होता. रक्तातलं युरिक ॲसिड वाढलं की सांध्यात होतो तो. माझं ९.२ होतं.

त्यानंतर घरात तीन कागद जमा झाले. शुगरवाल्या डॉक्टरांचा: भात बंद, मूग-मटकी-चणे खा, पालेभाज्या खा. हाडांच्या डॉक्टरांचा: डाळी बंद, कडधान्यं बंद, पालक बंद, टोमॅटो बंद, मासे-मटण बंद. बीपीवाल्यांचा: मीठ कमी, लोणचं-पापड बंद, नारळ बंद. तिघेही आपापल्या जागी मोठे डॉक्टर. बायकोने तिन्ही कागद फ्रिजवर एकाखाली एक लावले, दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "दुधी उरतो."

आठवडाभर दुधी खाल्ला. भात मी एका फटक्यात सोडला, शुगरची गोळी मात्र तीच आणि तेवढीच चालू. चौथ्या दिवशी साडेअकराला ऑफिसात हात थरथरायला लागले, शर्ट घामाने भिजला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पर्समधला लाडू तोंडात कोंबला. त्यांच्याकडेच शुगर मोजायचं मशीन होतं, त्यात आकडा आला ५८. त्याच बाईंनी या डाएटिशियनांचा नंबर दिला.

गणपतीच्या दिवसांत लालबागमधून बाहेर पडणं आणि परत घरी पोचणं याला वेगळी साधना लागते, म्हणून अनंत चतुर्दशी झाल्यावर गेलो.

पहिली भेट एक तास दहा मिनिटं. त्यातली पहिली चाळीस मिनिटं त्यांनी काही सांगितलंच नाही, नुसतं विचारलं. काल सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात गेलं? चहा किती? म्हटलं, दोन. घरचे दोन, आणि ऑफिसातले? ते कटिंग असतात हो. कटिंग किती? चार. साखर? टपरीवाला घालतो ती. त्यांनी कागदावर मांडलं: सहा चहा, प्रत्येकी दीड चमचा, म्हणजे नऊ चमचे, चमच्याला पाच ग्रॅम धरले तर ४५ ग्रॅम. कामाचे २२ दिवस, सुट्टीला घरचे दोनच. कागद माझ्याकडे फिरवला. महिन्याला एक किलोहून जास्त साखर, नुसत्या चहातून. आणि मी घरी बायकोशी भांडत होतो की आमटीत गुळाचा खडा टाकू नकोस.

मग म्हणाल्या, गोळ्यांच्या पट्ट्या आणल्यात का? फोनवर आधीच बजावलं होतं, रिकाम्या पट्ट्या पण चालतील, कागद नकोत, पट्ट्या आणा. बीपीची पट्टी उलटी करून त्यांनी बारीक अक्षरं वाचली. नावाच्या शेवटी 'एच' होतं. त्याचा अर्थ मूळ औषधासोबत हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. बीपीला ते चांगलं काम करतं, पण युरिक ॲसिड वाढवू शकतं. चार वर्षं मी ती गोळी घेत होतो आणि हाडांच्या डॉक्टरांना मी बीपीची गोळी दाखवलीच नव्हती, त्यांनीही मागितली नव्हती. बाईंनी गोळी बंद करा असं म्हटलं नाही. "ते माझं काम नाही, हात लावू नका," असं दोनदा बजावलं आणि बीपीवाल्या डॉक्टरांना चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, हं म्हणाले, आणि गोळी बदलली. माझ्या मते पहिल्या भेटीचे १,५०० रुपये इथेच वसूल झाले.

शुगर ५८ ला गेल्याचं ऐकून मात्र त्या चिडल्या. भात कमी करायचा तर गोळीचं डॉक्टरांशी बोलून करायचं, गोळी तीच ठेवून ताट रिकामं करायचं नाही. आणि पुन्हा थरथर झाली तर लाडू नको, लाडवात तूप असतं, साखर उशिरा चढते. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायची. आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये साखरेची पुडी असते. अजून लागलेली नाही.

शेकचं सांगितलं तेव्हा कॅलेंडर बघून म्हणाल्या, गटारीला सगळा दोष देऊ नका. उपाशी राहून वजन भराभर उतरवलं की शरीरात कीटोन तयार होतात, आणि मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर जायला ते आडवे येतात. म्हणजे दोन महिने मी १८,००० रुपये मोजून तयारी करत होतो, कलेजी आणि बिअरने शेवटचा धक्का दिला. त्या केंद्रातल्या मुलीचं शिक्षण काय, असं त्यांनी विचारलं. मला कुठे माहीत? मी पावडरच्या चवी विचारल्या होत्या, शिक्षण नाही. या बाईंच्या टेबलामागे एसएनडीटीची पदवी फ्रेममध्ये आहे आणि नावापुढे आरडी. ते इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिल्यावर मिळतं, हे मला तिथेच कळलं. आता मी कुणालाही आधी हेच विचारायला सांगतो. फोटो सगळ्यांकडेच असतात.

तीन कागदांचं काय झालं? बाईंनी ते टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि एकेक ओळ खोडत गेल्या. टोमॅटो खोडला. पालक खोडला. डाळी-कडधान्यं खोडली. भाज्या-डाळींमध्येही प्युरीन (ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं) असतं, पण त्याने गाऊट वाढतो असं दिसत नाही, आणि शुगरवाल्याला डाळ हवीच. राहिली ती बिअर, कलेजी-भेजा, मटणाचा रस्सा आणि काही मासे. रस्स्याचं ऐकून मला वाईट वाटलं. मी फोडी मुलीला देऊन रस्सा ओरपणारा माणूस, आणि त्यात मला त्यागही वाटायचा. तर प्युरीन पाण्यात उतरतं, म्हणजे शिजवल्यावर बरंचसं त्या रस्स्यातच येतं. हेही सांगितलं की पथ्याने युरिक ॲसिड फार तर एखाद्या पॉइंटने उतरतं, ९.२ चं ६ व्हायला डॉक्टरांची गोळी लागणारच. स्वतःच्या धंद्याची मर्यादा स्वतःच्या तोंडाने सांगणारा माणूस मला आवडतो.

आता माशांकडे येतो. बाई विदर्भातल्या, शाकाहारी. कागदावर छापील तक्ता होता: 'सार्डिन, अँकोव्ही टाळा. मॅकरेल मर्यादित.' मी म्हटलं, ठीक, हे तर आपण खातच नाही. घरी येऊन आनंदाने सांगितलं. मुलीने मोबाईलवर बघितलं. सार्डिन म्हणजे तारली. मॅकरेल म्हणजे बांगडा. मांदेली अँकोव्हीच्याच कुळातली. आमचा अख्खा आठवडा गेला.

दुसऱ्या भेटीला बाईंनी बजावलंच होतं, स्वयंपाक करणाऱ्याला आणा. बायको वही घेऊन आली, आणि पुढचा तासभर मी तिथे नसतो तरी चाललं असतं. सिटीलाइटच्या बाजारात कोळणीशी घासाघीस करणारी बाई ही, तिने तक्ताच पुढे घेतला. "मॅडम, हलवा कुठे लिहिलाय? बोंबील? मुडदुशी? तिसऱ्या?" बाईंनी प्रांजळपणे सांगितलं की यातले निम्मे मासे त्यांनी बघितलेलेसुद्धा नाहीत. मग बायको मोबाईलवर फोटो दाखवतेय, त्या जाडजूड पुस्तकातून आणि कॉम्प्युटरवरून शोधतायत, असा तो क्लास चालला. शेवटी ठरलं: आठवड्यातून तीन दिवस मासे, एका वेळी तळहाताएवढा तुकडा, रव्यात घोळवून तळलेला नाही, तव्यावर चमचाभर तेलात किंवा कालवणात. सुरमई, पापलेट, बोंबील यातलं. कोलंबी-तिसऱ्या कधीमधी. तारली आणि मांदेली युरिक ॲसिड ६ च्या खाली जाऊन स्थिरावेपर्यंत बंद. बांगड्यावर खडाजंगी झाली. बायकोचा मुद्दा असा की हृदयाला चांगला म्हणून टीव्हीवर सांगतात. बाई म्हणाल्या, खरं आहे, त्यात ओमेगा-३ भरपूर, पण यांचा अंगठा टीव्ही बघत नाही. महिन्यातून दोनदा, यावर तोडगा निघाला.

नारळ निम्मा करा म्हटल्यावर बायको वही मिटून बसली. "मग कालवण कशाला म्हणायचं? पाण्यात पोहणारा मासा म्हणा." अजून तो निम्मा झालेला नाही. पाऊण झालाय. बाईंना हे माहीत आहे.

भाताचं मला सगळ्यात जास्त पटलं. बंद केला नाही. एक वाटी शिजलेला, दुपारी. वाटी म्हणजे कुठली, तर त्यांच्याकडची १५० मिलीची स्टीलची वाटी दाखवली. आमच्या घरातली सगळ्यात छोटी वाटी तिच्या दीडपट निघाली. उकडा तांदूळ चालू ठेवा म्हणाल्या, पॉलिशच्या पांढऱ्यापेक्षा तो साखर जरा सावकाश चढवतो, पण म्हणून दोन वाट्या नाही. भिंतीवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ताटाचं चित्र आहे, त्यात अर्धं ताट भाज्या-फळांचं. माझ्या ताटात अर्ध्यावर भाताचा डोंगर आणि भाजी लोणच्यासारखी कडेला असायची. आता आधी काकडी-मुळा, मग भाजी-डाळ, मग भात. आईला हे अजिबात मान्य नाही. "पोराक उपाशी मारतली ती बाय," असं ती शेजारी सांगते.

पहिले दोन आठवडे जेवणानंतर दोन तासांनी शुगर मोजून लिहायला लावली, आणि यात माझी एक खोड मोडली. मला वाटायचं नाचणी म्हणजे औषध. ऑफिसात सगळे डायबेटीसवाले नाचणीसत्त्वाची पेज पितात. मोठा पेला पेज प्यालो त्या दिवशी २३१. नाचणीची एक भाकरी, वालाची भाजी आणि ताक, त्या दिवशी १६२. एक वाटी भात, डाळ, भरपूर भाजी, १६८. धान्य तेच, पण बारीक पीठ पाण्यात शिजवून गटागटा प्यालं की ते पोटात थांबत नाही. हे कुणी नुसतं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. माझ्याच बोटाच्या रक्ताने सांगितलं.

आता जे आवडलं नाही ते. पहिल्या भेटीनंतर मेलवर आलेला चार पानी डाएट प्लॅन सरळ सरळ तयार साच्यातला आहे. त्यात किनोआ होता. ॲव्होकाडो होतं. लालबाग मार्केटमध्ये मी ॲव्होकाडो विचारलं तर भाजीवाला म्हणाला, साहेब, पपई घ्या. एवढा वेळ बोलून, एवढं लिहून घेऊन मग हे कशाला पाठवायचं? विचारल्यावर त्या ओशाळल्या, असिस्टंट पाठवते म्हणाल्या. पुढच्या महिन्यात बदलून मिळाला, तरी ब्रोकोली राहिलीच होती. तसंच व्हॉट्सॲपवर चोवीस तासांत उत्तर, असं कार्डावर छापलंय, ते तीन दिवसांनी येतं. साखरपुड्याच्या जेवणात श्रीखंड घेऊ का, याचं उत्तर साखरपुड्यानंतर तीन दिवसांनी येऊन काय करू? (घेतलं. दोन चमचे. बरं, तीन.)

फी पहिल्या वेळेला १,५००, नंतर दर वेळी ७००. पॅकेज नाही, आगाऊ पैसे नाहीत, कपाटात विकायला एकही डबा नाही. माझ्या मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, पावती फक्त फाईलला.

निकाल ज्यांना हवा त्यांच्यासाठी: सप्टेंबरमध्ये वजन ८६ किलो (शेकने उतरलेलं सगळं व्याजासकट परत आलं होतं), कंबर १०४ सेंटिमीटर. महिनाभरात मी एचबीएवनसी पुन्हा करायला निघालो होतो, बाईंनी अडवलं. तो आकडा साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, महिन्यात बघून उगाच पैसे आणि मूड घालवाल म्हणाल्या. डिसेंबरमध्ये केला, ७.३. मार्चमध्ये ६.९. युरिक ॲसिड मार्चमध्ये ५.८, गोळीसकट. वजन ८०, कंबर ९७. पुरुषाची ९० च्या आत हवी, तेव्हा अजून बरंच अंतर आहे. अंगठा पुन्हा एकदाच दुखला, नोव्हेंबरमध्ये, गोळी सुरू झाल्यानंतर, आणि असं सुरुवातीला होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

पाचपैकी साडेतीन देणार होतो. चार देतो, पट्टी उलटी करून वाचली म्हणून. एक ठेवून घेतो जिना आणि ॲव्होकाडो मिळून.

ज्यांना महिन्यात दहा किलो उतरवायचेत त्यांनी जाऊ नये, त्या हसतील. ज्यांच्याकडे दोन-तीन आजारांचे वेगवेगळे कागद आहेत त्यांनी जावं, सगळे कागद आणि पट्ट्या पिशवीत घालून. आणि मांसाहारी असाल तर माशांची मराठी नावं फोटोसकट न्या. आमच्या बायकोने केलेली यादी आता बाईंच्या टेबलावरच्या काचेखाली असते. परवा एक भंडारी आजोबा तीच वाचत बसले होते आणि मुडदुशीचं स्पेलिंग चुकलंय म्हणून तक्रार करत होते.

आता १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच होते: सुकट, सुके बोंबील, सोडे, खारा बांगडा. डबे भरून झालेत, वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. बाईंना फोनवर सांगितलं तर पलीकडे थोडा वेळ शांतता. सुकवल्यावर मासळीतलं पाणी उडतं, प्युरीन तेवढंच राहतं, म्हणजे मूठभर सुकट ही ताज्या जवळ्याची ओंजळ धरायची. आणि खाऱ्या बांगड्यात बीपीवाल्याचा दिवसभराचा मिठाचा कोटा, पाच ग्रॅम, एका तुकड्यात संपू शकतो. "काकूंना डब्यांसकट घेऊन या," म्हणाल्या, "मला बघायचंय हे सगळं कसं दिसतं."

येत्या शुक्रवारची वेळ मिळालीय. साडेसहा. म्हणजे साडेसात.